नांगर सोडण्याची विद्या : सुवर्णदुर्ग आणि घेरिया

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेसाठी पूर्वजांच्या दर्यावर्दी पराक्रमाविषयी काही लिहून द्यावे, असे मंडळाच्या चिटणिसांनी सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की, या विषयावर लिहिण्याजोगे आता राहिले तरी काय? कान्होजी आंग्रे यांचा दरारा, इंग्रज, फिरंगी आणि वलंदेज यांची उडालेली त्रेधा, ही वर्णने आपण दर दोन-तीन वर्षांनी छापीतच असतो. त्या लेखांत तोफांचा गडगडाट पुष्कळ असतो. परंतु दोर, नांगर, वारा आणि भरती-ओहोटी यांचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. वस्तुतः तोफ डागणारा गोलंदाज अनेकदा बाहेरून आणलेला, प्रसंगी परदेशीही असे. दोर आणि सुकाणू मात्र आपल्याच हाती होते. गाबीत, खारवी, भंडारी, कोळी, दालदी अशा किनाऱ्यावरील साऱ्या जातींचे हात त्या दोरांना लागलेले होते. तेव्हा पराक्रमाचा विषय बाजूस ठेवून, एका लहानशा विद्येविषयी चार गोष्टी सांगण्याचे मी योजिले आहे. ती विद्या म्हणजे भरवशाच्या नसलेल्या जागी नांगरलेले तरांडे क्षणात निघू शकेल असे तयार ठेवण्याची. तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराच्या बाबतीत, मार्च १७५५ आणि फेब्रुवारी १७५६ अशा अवघ्या अकरा महिन्यांच्या अंतराने घडलेले दोन प्रसंग पाहिले, म्हणजे या विद्येचे मोल किती होते हे ध्यानात येते.

आधी आपल्या किनाऱ्याची ओळख करून घेणे अवश्य आहे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला होतो आणि वैशाखाच्या अखेरीस तरांडी वर ओढून, शाकारून ठेवावी लागतात. या आठ-नऊ महिन्यांत गलबतांना दोन प्रकारच्या जागा मिळतात. पहिली म्हणजे हर्णैसारखी उघडी जागा. तेथे एखादे बेट वा खडक थोडा आडोसा देतो. परंतु वारा फिरला की लाटा थेट अंगावर येतात. दुसरी म्हणजे खाडीच्या आतली जागा. तेथे पाणी संथ, डोंगराचा आडोसा, गाव जवळ, पिण्याचे पाणी हाताशी. नवशिक्यास दुसरी जागा साहजिकच उत्तम वाटते. परंतु आमचे जुने तांडेल तसे म्हणत नसत. खाडीत शिरावयाचे तर भरती पाहिजे, आणि निघावयाचे तर ओहोटी व मतलई वारा पाहिजे. मतलई वारा रात्री व पहाटे जमिनीकडून वाहतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की, शिडाच्या तरांड्यास पश्चिमेकडे तोंड असलेल्या खाडीबाहेर पडणे जवळजवळ अशक्य होते. शाळेत भूगोल शिकविताना मतलई व खारे वारे मी मुलांकडून कित्येक वर्षे पाठ करून घेतले. परंतु त्या दोन ओळींवर एक सबंध आरमार तरले आणि बुडाले, हे मला फार उशिरा उमगले. उघड्या जागेवर वाऱ्याचे भय असते, पण वाट मोकळी असते. खाडीत वाऱ्याचे भय नसते, पण वाट एकच असते आणि ती दुसऱ्याला अडविता येते.

अशा उघड्या जागी गलबत उभे करावयाचे तर ते उभे असतानाही निम्मे निघालेलेच असावे लागते. माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते. मुंबईपर्यंत माल नेताना वाटेत कोठे रात्र काढावी लागली, तर नांगर टाकण्यापूर्वी ते त्या जागेतून बाहेर कसे पडावयाचे, हे खलाशांना मोठ्याने सांगत. अमुक खडक डाव्या हातास ठेवावयाचा, अमुक देवळाचा दिवा मागे धरावयाचा. हे सर्व उजेड असताना पाहून घ्यावयाचे; काळोखात पाहू म्हटले तर काळोखात काहीच दिसत नाही. शीड उतरविले तरी ते दोरांनी करकचून गुंडाळावयाचे नाही, सुंभाच्या कच्च्या बंधांनी धरावयाचे. एक हिसका दिला की बंध तुटून शीड मोकळे झाले पाहिजे. शीड चढविण्याचा दोर कशातही गुंतलेला नसावा. त्याचे वेटोळे पायाखाली न येईल असे एका बाजूस असावे. बुडातले पाणी निजण्यापूर्वी उपसावयाचे, कारण पहाटे निघताना जड झालेले तरांडे वळत नाही. होडी मागे लोंबती ठेवावयाची नाही. आणि स्वतः तांडेलाने नांगराच्या दोराजवळ, हात दोरावर ठेवून निजावयाचे. नांगर तळावर घासत सरकू लागला, म्हणजे दोरातून जी थरथर येते ती झोपेतही हाताला कळते, असे ते म्हणत. त्यांच्या उजव्या तळहाताला शेवटपर्यंत काथ्याचे घट्टे होते.

काथ्याच्या दोराविषयी एक गोष्ट येथे सांगतो. आजच्या नायलॉनच्या काळात ती विसरली जाईल. नारळाच्या काथ्याचा दोर पाण्यावर तरंगतो आणि ताण आला की लांबतो. त्यामुळे लाट आली तरी नांगराला एकदम हिसका बसत नाही. दुसरे असे की, तो सुटला तर तळाशी जात नाही. नांगर वर ओढावयास वेळ नसेल, तर तांडेल दोराचे आतले टोक सोडून देई. त्याला आधीच एक लाकडाचा ओंडका बांधलेला असे. तरांडे निघून जाई, ओंडका तरंगत राही, आणि संकट टळल्यावर परत येऊन नांगर काढून घेता येई. मात्र हे साधावयाचे तर दोराचे आतले टोक कायमच्या गाठीने बांधलेले असता कामा नये. ती गाठ ओढताच सुटणारी पाहिजे, आणि एरवी कितीही ताण आला तरी न सुटणारी पाहिजे. एवढ्या एका गाठीत पुष्कळ शहाणपण साठलेले आहे. नांगर गमावणे ही काही लहान हानी नव्हे. लोखंड महाग होते. तरीही, नांगर गेला तर नांगरच गेला, एवढा हिशेब ज्याला तत्काळ करता येतो तोच खरा तांडेल, असे आजोबांचे मत होते.

आता पहिल्या प्रसंगाकडे वळू. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशवे यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी तुळाजीविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी तह केला. घरातील भांडणात शेजाऱ्याला बोलावल्याचे परिणाम पुढे काय झाले, ते सर्वज्ञात आहे. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात कमोडोर जेम्स हा ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ हे जहाज व काही लहान जहाजे घेऊन निघाला. त्याच्याबरोबर पेशव्यांचे आरमार होते. इंग्रज इतिहासकार ऑर्म त्यात ७ गुराबा व ६० गलबते सांगतो. तुळाजीचे आरमार त्या वेळी हर्णैसमोर सुवर्णदुर्गाच्या आडोशास नांगरलेले होते. आडोसा किल्ल्याचा होता खरा. पण जागा उघडीच.

शत्रू दृष्टीस पडताच या लोकांनी काय केले? त्यांनी किल्ल्याच्या तोफांवर भिस्त ठेवली नाही. नांगर ओढीत बसले नाहीत. दोर सोडून दिले आणि समुद्राची वाट धरली. वारा मंद होता. ऑर्मने या पाठलागाचे जे वर्णन केले आहे ते मोठे मनोवेधक आहे. पळणाऱ्या तरांड्यांवरील लोकांनी ओझे कमी करण्यासाठी अनावश्यक सामान समुद्रात फेकले. होती नव्हती ती सर्व शिडे चढविली. एवढ्यावर न थांबता अंगावरील वस्त्रे, गोधड्या आणि डोक्यावरची पागोटीदेखील दोरांवर पसरली, की वाऱ्याची एखादी झुळूकही वाया जाऊ नये. ‘प्रोटेक्टर’ सोबत्यांच्या बरेच पुढे गेले, तरी त्यास हे आरमार हाती लागले नाही. अखेर पाठलाग सोडून जेम्स सुवर्णदुर्गाकडे परतला आणि एप्रिलच्या आरंभी त्याने तो किल्ला घेतला. किल्ला गेला, आरमार राहिले.

पागोटे दोरावर टाकण्याची गोष्ट वाचून इंग्रज वाचकास हसू आले असावे. आपल्याकडेही एका सभेत हा प्रसंग सांगितला असता काही तरुण मंडळींस तो कमीपणाचा वाटला, असे मी पाहिले. त्यांना पूर्वज लढताना हवे होते, पळताना नव्हे. माझे त्यांस एवढेच सांगणे आहे की, तोफांनी भरलेले आरमार मंद वाऱ्यात, कोणाचे दोर कोणात न गुंतता, एका इशाऱ्यासरशी एका उघड्या जागेवरून बाहेर काढणे, हे काही घाबरलेल्या जमावाचे काम नव्हे. गुराब ही १५० ते ३०० टनांपर्यंतची, दोन वा तीन डोलकाठ्यांची. ती मंद वाऱ्यात स्वतः हलत नाही. तिला ओढावयास गलबते लागतात. गलबत फार तर ७० टनांचे. त्याला एक भले मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. कोणत्या गलबताने कोणत्या गुराबेला दोर द्यावयाचा, हे आधी ठरलेले असल्यावाचून ऐन वेळी जमत नाही. त्या दिवशी ते जमले. याचा अर्थ आदल्या रात्री ते ठरलेले होते. दोराचे टोक सुटत्या गाठीचे होते. शिडांचे बंध कच्चे होते. इंग्रजांच्या बखरीत हे लिहिलेले नाही, कारण त्यांना ते दिसले नाही. परिणाम तेवढा दिसला.

याच पाठलागात पेशव्यांचे आरमार मागे रेंगाळले, अशी ऑर्मची तक्रार आहे. तोपर्यंत ती तरांडी इंग्रजांपेक्षा जलद चालत होती, आणि त्या दिवशी मात्र मागे पडली. आंग्र्यांचे भय हे कारण तो देतो. असेलही. परंतु दोन्ही आरमारांवरील खलाशी एकाच किनाऱ्यावरचे, पुष्कळदा एकाच जातीचे आणि क्वचित एकाच घरचेही असावेत, हे त्या इंग्रज ग्रंथकाराच्या ध्यानात आलेले दिसत नाही. मेहुण्याच्या गलबताचा पाठलाग करताना सुकाणूवरचा हात जड झाला असेल, तर त्याला भय म्हणावे की आणखी काही? हा माझा केवळ तर्क आहे. पुरावा म्हणून तो कोणी घेऊ नये.

दुसरा प्रसंग घेरियाचा, म्हणजे विजयदुर्गाचा. वाघोटण खाडीच्या मुखाशी दक्षिण बाजूस हा किल्ला, आणि त्याच्या आश्रयास खाडीत आरमार. आपल्या किनाऱ्यावर याहून बळकट जागा नाही अशी ख्याती होती, आणि ती अनाठायी नव्हती. १७५५ च्या अखेरीस जेम्सने येऊन या जागेची टेहळणी केली; म्हणजे पुढे काय येणार याची सूचना दोन महिने आधी मिळालेली होती. ११ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसन मोठे आरमार घेऊन घेरियापुढे आला. फौज कर्नल क्लाइव्हच्या हाताखाली होती. खुद्द तुळाजी या वेळी तडजोडीच्या बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेला होता. आणि आरमार? ते किल्ल्याच्या आश्रयास, एकमेकांस बांधून उभे केलेले होते.

१२ तारखेस दुपारी खारा वारा सुटल्यावर इंग्रजांची जहाजे दोन रांगांनी खाडीत शिरली. पाण्याखालील भिंतीची जी कथा आपल्याकडे आवडीने सांगतात, ती भिंत किल्ल्याच्या पश्चिमेची. शत्रू शिरला तो उत्तरेकडून, खाडीच्या वाटेने. जो वारा त्यांना आत आणीत होता, तोच आतल्या गलबतांची बाहेरची वाट बंद करीत होता. तोफांचा मारा सुरू झाला. चार वाजून गेल्यानंतर एक गोळा ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज पूर्वी आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेले होते. त्यावर आग लागली. ती बाजूच्या गुराबेस लागली, तेथून पुढच्या गुराबेस. दोर एकमेकांत बांधलेले, अंतर मुळीच नाही, वारा आगीच्या साह्यास. डांबर, चरबी, काथ्या आणि वाळलेले लाकूड यांना पेटावयास कितीसा वेळ लागणार? पाहता पाहता आंग्र्यांचे सगळे आरमार, आणि त्याबरोबर घडवणीवर असलेली दोन मोठी जहाजेही, जळून गेली. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेस, किल्ला इंग्रजांच्या हाती आला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली आणि पेशव्यांच्या लोकांस तीतून काही दिले नाही. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला, आणि त्याचे उर्वरित आयुष्य कैदेत गेले.

येथे वाचक विचारील की, अकरा महिन्यांपूर्वी क्षणात दोर सोडणारे लोक या वेळी बांधलेले का राहिले? माझ्या मते याचे उत्तर जागेत आहे. सुवर्णदुर्गाची जागा भरवशाची नाही, हे सर्वांस ठाऊक होते; म्हणून तेथे जो तो जागा होता. घेरियाची जागा भरवशाची आहे असे सर्व मानीत होते. आरमार एकत्र बांधण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. बांधलेली जहाजे म्हणजे पाण्यावरची तटबंदीच. शत्रूला मधून शिरता येत नाही, आणि थोड्या माणसांत पुष्कळ जहाजे राखता येतात. धनी बाहेर, बोलणी चालू, हुकूम देणारा कोणी नाही, अशा स्थितीत किल्ल्यातील लोकांनी जहाजांचे किल्ले केले. परंतु जहाज हा किल्ला नव्हे. हे कोण्या तांडेलास कळत नसेल, असे मला वाटत नाही. त्याला विचारले कोणी, हा प्रश्न आहे. १० तारखेच्या पहाटे, मतलई वाऱ्यावर आणि ओहोटीबरोबर, निदान हलकी गलबते दक्षिणेकडे काढून देता आली असती, असे मला पुनःपुन्हा वाटते. अर्थात घरी बसून २७० वर्षांनंतर असे म्हणणे सोपे आहे.

आश्चर्य हे की, ही चूक होऊ नये म्हणून आपल्याच एका राजनीतिज्ञाने चाळीस वर्षे आधी लिहून ठेविले होते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, सुमारे १७१५-१६ च्या त्या ग्रंथात, आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळी छावणीसंबंधी त्यात जे नियम दिले आहेत, त्यांचा आशय असा : आरमाराची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये; जेथे समोर जंजिरा आहे अशा बंदरात करावी; तेथेही सगळे आरमार एके ठिकाणी न ठेवता जागजागी ठेवावे; आणि रात्री जमिनीवरून व पाण्यावरून पहारा फिरवावा. हा नियम पावसाळ्याचा आहे, आणि घेरियाचा प्रसंग फेब्रुवारीचा, हे खरे. तथापि ‘एके ठिकाणी न ठेवता’ यातील शहाणपण ऋतूवर अवलंबून नाही. अमात्यांनी ते कोणाकडून ऐकले असेल? पन्हाळ्यावर वा बावड्यास बसून ते सुचत नाही. कोण्या तरी दर्यावर्दी माणसाने सांगितले असले पाहिजे, आणि अमात्यांनी ते ऐकून घेतले, हा त्यांचा मोठेपणा.

आज शिडाचे मचवे नाहीत. यंत्राच्या नौका आहेत, आणि आकाशवाणीवर वादळाची सूचनाही मिळते. तरीही नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची किती माणसे व नौका गेल्या, हे ज्यांच्या घरचे गेले त्यांना सांगावयास नको. त्या वेळी एका वयोवृद्ध तांडेलाकडे मी बसलो होतो. ते म्हणाले, “मास्तर, वारा आल्यावर दोर शोधणाऱ्यांक दर्या थांबत नाय.” त्यांचा नातू त्या रात्री देवगडच्या खाडीत सुखरूप पोचला होता, दुपारीच निघाला होता म्हणून. बरोबरच्या दोघांनी आणखी एक जाळे ओढण्यासाठी त्याला थांब म्हटले होते. त्या दोघांविषयी म्हाताऱ्याने काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

पुढे ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यास तह होऊन इंग्रजांनी घेरिया पेशव्यांस दिला आणि त्याच्या बदल्यात बाणकोट व दहा गावे घेतली. ज्यांनी हर्णैस दोर सोडले आणि घेरियास आग पाहिली, त्यांपैकी एकाही तांडेलाचे वा खलाशाचे नाव माझ्या वाचनात आजवर आलेले नाही. सरदारांच्या वंशावळी छापल्या गेल्या. ही नावे कोठे असतील तर ती आपल्याच घरांत, माळ्यावरच्या पेट्यांत असतील. ज्ञातिबांधवांपैकी कोणाकडे मोडी लिपीतील जुने कागद, आरमाराकडील नेमणुकीची यादी, इनामाची चिठी, अगर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली एखादी हकीकत असल्यास, तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद पाठवू नये. तो घरीच जपावा. मोडी वाचून देण्याचे काम मी आनंदाने करीन. डोळे अजून चांगले आहेत.